मरणाचा रकाना

"अगं ताई, रकानाच नाही, तर लिहू कुठं?"

"कुठंही लिही. नवरा माझा गेलाय, तुझा रकाना नाही!"

कचेरीच्या खिडकीबाहेर ताई, आत टेबलाशी तिचा धाकटा भाऊ. जन्ममरणं नोंदवायचं काम त्याचं. लोक त्याला यमाचा कारकून म्हणत, तोही हसून घेई. आज हसू कुठून यायचं? दाजी पहाटे गेले होते. पाथरवट माणूस. जन्मभर दगडाची धूळ छातीत ओढली, अखेर खोकून खोकून नुसता सांगाडा उरला.

मरणांची मोजदाद सरकारनं नुकतीच कुठं सुरू केली होती. छापील वहीत पटकी, देवी, ताप, जुलाब, अपघात आणि इतर एवढेच रकाने. 'इतर' फुगला की वरून खरमरीत पत्र येई. खोकणाऱ्या पाथरवटाचं अंग शेवटी तापतंच, म्हणून हा पठ्ठ्या 'ताप' लिहून मोकळा होई. मग गावात ताप फार म्हणून सरकारनं डबकी बुजवली, कडू गोळ्या वाटल्या. पाथरवट मरायचे ते मरतच राहिले.

"गोळ्या यांनीही गिळल्या," ताई म्हणाली. "तोंड तेवढं कडू झालं. आता थोरला पोरगा त्याच दगडाच्या खाणीत जातोय. तू ताप लिहिलास की मालक म्हणणार, डबक्याची हवा बाधली. दगडावर पाणी मारून काम करा, असं त्याला कोण सांगणार?"

त्यानं 'इतर'मध्ये दाजींना घातलं आणि कडेला लिहिलं, दगडाची धूळ.

हेडक्लार्क मागंच उभा होता. "काय दिवे लावलेत हे? धूळ म्हणजे काय रोग आहे?"

"माणूस त्यानंच मेलाय, साहेब."

"मग वर तूच जाऊन सांग. खोड ते!"

त्याचा हात काही हलला नाही. हेडक्लार्कनंच लेखणी ओढून घेतली, ओळ खोडली, 'ताप' लिहिलं. "पुन्हा असलं दिसलं तर घरी बसशील."

ताईनं पदरानं तोंड पुसलं. "तुझी चूल विझवायला नाही आले रे मी," एवढं बोलून ती निघाली. त्याला तिच्याकडं बघवेना.

रांगेतला गाडीवान पुढं सरकला. त्याचा भाऊ गेला होता.

"कशानं?"

"खोकल्यानं."

"काम काय करायचा?"

"खाणीत होता."

पलीकडच्या टेबलावरून हेडक्लार्क बघत होता. यानं मान वर न करता 'इतर' लिहिलं, कडेला धूळ लिहिली आणि पुढच्याला हाक मारली.