सुवायाचं तांबडं पाणी

दोब्रिला सुवायाच्या धरणावर एकतीस वर्षं पाणी तपासत होती. काम काय, तर सकाळी होडी काढायची, मध्यावर जायचं आणि दोरीला बांधलेली पांढरी तबकडी पाण्यात सोडायची. ती दिसेनाशी झाली की दोरीवरच्या गाठी मोजायच्या. जितक्या गाठी, तितके मीटर पाणी नितळ. मग बाटल्यांत नमुने भरून ते जलशुद्धीकरण केंद्रातल्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. नवरा लग्नानंतर चौथ्या वर्षी ऑस्ट्रियाला कामाला गेला तो तिकडचाच झाला. तेव्हापासून तिचा संसार म्हणजे ही होडी आणि थोरली बहीण स्तामेना. दोब्रिला फार बोलायची नाही, पण ती खोटं बोलली असंही गावात कुणी कधी म्हटलं नव्हतं. नळाला वास आला की लोक कार्यालयात जायच्या आधी तिच्या फाटकाशी येत. ती "प्या" म्हणाली की पीत.

शेवाळ म्हणजे उन्हाळ्याची भानगड, असं धरणावर सगळेच धरून चालायचे. ऑगस्टमध्ये काठ हिरवा व्हायचा, चार तक्रारी यायच्या, आणि सप्टेंबर संपला की तबकडी वसंतापर्यंत खुंटीला. त्या वर्षी उन्हाळ्यात तर पाणी कधी नव्हे इतकं स्वच्छ होतं. नऊ गाठी. दोब्रिला खूश झाली, दोन-तीन जणांना कौतुकाने सांगूनही आली. शेवाळ मात्र नवव्या गाठीच्या खाली अंधारात थर धरून बसलं होतं. तिथे बघायला तिला ना कुणी सांगितलं, ना स्वतःला सुचलं.

डिसेंबरात वरचं पाणी थंड होऊन खाली गेलं आणि खालचं वर आलं. संत निकोलाच्या सणाच्या आदल्या दिवशी दोब्रिलाला काठाशी एक तांबूस पट्टा दिसला. तिने खुंटीवरची तबकडी काढली. दुसऱ्या गाठीलाच ती दिसेनाशी झाली. सूक्ष्मदर्शकाखाली लांबच लांब लालसर तंतू दिसले. हे शेवाळ तिने पुस्तकात पाहिलं होतं. त्याचं विष थेट यकृतावर जातं. पाणी उकळलं तर तंतू फुटून उरलंसुरलं विषही पाण्यात उतरतं.

संत निकोला हा केंद्राचे प्रमुख वुकोमान यांच्या घराण्याचा संत; ते घरी सणाचे मासे भाजायच्या तयारीत होते.

"साहेब, नळ बंद करावे लागतील."

"उद्या माझ्याकडे चाळीस पाहुणे आहेत, दोब्रिला. त्यांचे हात काय ब्रँडीने धुऊ?"

"विषारी आहे हो ते."

"ते तू नाही ठरवायचं. नमुना पाठव राजधानीला. पण या दिवसांत प्रयोगशाळेत कोण बसलंय? हा सण होऊ दे, नाताळ होऊ दे, बाप्तिस्म्याचा सण होऊ दे, मग बघू. तोवर तोंडाला कुलूप. निवृत्तीला दीड वर्ष उरलंय ना तुझ्या? ते नीट काढ."

तिने तोंडाला कुलूप लावलं. एकतीस वर्षं जिच्या शब्दावर गाव पाणी प्यायलं, ती बाई महिनाभर गप्प राहिली. या गप्प बसण्याचं समर्थन मी करणार नाही. तिनेही कधी केलं नाही. एक मात्र तिने केलं. स्तामेनाचं यकृत सहा वर्षांपूर्वीच्या काविळीपासून अधू होतं. तिच्यासाठी दोब्रिला डोंगरातल्या झऱ्यावरून दोन दोन कॅन वाहून आणू लागली.

"नळाला क्लोरीन जास्त झालंय, ताई," ती म्हणाली.

शेजारच्या ओब्रेनने कुंपणावरून विचारलं, "काय गं, दारात नळ असताना ही हमाली कसली?"

"व्यायाम, दादा."

"या वयात? नवरा शोधतेस की काय?"

तो हसला, तीही हसली. नाताळात ओब्रेनच्या दोन्ही नाती आठवडाभर ओकत होत्या. सणाचं खाणं बाधलं, असं सगळे म्हणाले. दोब्रिला कॅन घेऊन त्यांच्या दारावरून खाली मान घालून जायची.

जानेवारीत बाप्तिस्म्याच्या सणाला सगळं गाव धरणाच्या काठावर जमलं. पाद्रीबाबांनी पाणी मंतरलं, बर्फ फोडलेल्या जागी लाकडी क्रूस टाकला, आणि तरणी माणसं त्यामागे पोहत गेली. त्या दिवशी भरलेलं पाणी वर्षभर नासत नाही. घराघरांत ते देवाच्या तसबिरीपाशी ठेवतात आणि आजाऱ्याला उपाशीपोटी देतात. फोडलेल्या बर्फातून वर आलेलं पाणी त्या दिवशी चक्क तांबडं होतं.

"लग्नघरी पाण्याचा द्राक्षारस केला होता प्रभूने," ओब्रेन टोपी काढून म्हणाला. "आज आपल्याकडे केला."

लोकांनी भराभर क्रूसाची खूण केली. एक बाटली भरणाऱ्यांनी तीन तीन भरल्या. तेव्हा कुठे दोब्रिला पुढे झाली.

"भरू नका. शेवाळ आहे ते. विष आहे त्यात. नळालाही तेच येतंय."

"अजून काही सिद्ध झालेलं नाही," वुकोमान मागून म्हणाले.

ओब्रेनने बाटलीला बूच लावलं. "कधीपासून माहीत आहे तुला?"

तिला खोटं बोलता आलं असतं. "संत निकोलापासून."

"म्हणजे तो व्यायाम..." त्याने बूच पुन्हा घट्ट दाबलं. मग म्हणाला, "विष असतं तर तू सांगितलं असतंस. एवढी खालच्या थराची तू नाहीस. सणाच्या दिवशी असलं काही बोलू नये." आणि लोक पुन्हा वाकून बाटल्या भरू लागले.

घरी स्तामेनाने सगळं ऐकून घेतलं.

"महिनाभर मला झऱ्याचं पाणी पाजलंस. आणि ओब्रेनच्या नातींना?"

दोब्रिलाने हातातला कॅन खाली ठेवला.

"मला विचारायचं तरी होतंस. मी त्या पोरींना घरात बोलावून पाजलं असतं."

दुसऱ्या दिवसापासून स्तामेना सकाळी उपाशीपोटी, शेजारून मागून आणलेल्या त्या तांबड्या पाण्याचा पेला घेऊ लागली. दोब्रिलाने बाटली ओतून दिली, तर तिने ओब्रेनच्या बायकोकडून दुसरी मागून आणली. दोब्रिला रडली, पाया पडली. "गाव पितंय तेच मी पिणार," एवढंच स्तामेना म्हणायची. "तुझ्या पाण्यावर जगायची लाज वाटते मला."

फेब्रुवारीत राजधानीचं उत्तर आलं आणि नळ बंद झाले. वुकोमानांची बदली झाली, वरच्या खुर्चीवर. मार्चमध्ये स्तामेनाचे डोळे पिवळे झाले आणि ईस्टरआधीच्या उपवासाच्या तिसऱ्या आठवड्यात ती गेली. डॉक्टर म्हणाले, यकृत आधीच खराब होतं, कशाने गेली ते सांगता येणार नाही. दोब्रिलाने त्यांना काही विचारलंच नव्हतं.

दफनाहून परतणाऱ्यांच्या हातावर फाटकाशी पाणी घालायचं, मगच त्यांनी घरात जेवायला यायचं. घरचं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून पाण्याचा जग घेऊन दोब्रिला स्वतःच उभी राहिली. सगळ्यांत पुढे ओब्रेन होता.

"कुठलं पाणी?"

"झऱ्याचं, दादा."

"आता आम्हालाही आणायला लागलीस होय."

तो कुंपणाशी वाकला, उरलेल्या बर्फात हात चोळले आणि आत गेला. मागच्यांनीही एकेकाने तसंच केलं. शेवटचा माणूस आत गेल्यावर दोब्रिलाने जग डाव्या हातात धरून उजव्यावर पाणी ओतलं, मग उजव्यात धरून डाव्यावर. तिच्या हातांवर पाणी घालायला आता कुणी उरलं नव्हतं.