दुधात मासा, वर शेपू

शेपूचा वास मला लहानपणापासून आवडत नाही. आई शेपूची भाजी करायची त्या दिवशी मी दहीभातावर भागवायचे. पण गेली नऊ वर्षं हा वास आला की नाक मुरडायच्या आधी मला स्वतःची लाज वाटते. आणि इथे हॅनोव्हरमध्ये तो उन्हाळाभर येतो. शनिवारच्या बाजारात नव्या बटाट्यांच्या शेजारी शेपूच्या जुड्या पाण्यात उभ्या करून ठेवलेल्या असतात. मी बाजाराच्या त्या टोकाला जाणंच सोडलं होतं.

माझी मुलगी आता तेरा वर्षांची आहे. तेव्हा ती साडेतीनची होती. आम्ही दोघं नवराबायको नोकरी करणारे, आणि किटात, म्हणजे इथल्या बालवाडीत, जागा मिळेना. मग ऑफिसातल्या एकीने एका टागेसमुटरचं नाव सुचवलं. टागेसमुटर म्हणजे चारपाच मुलांना दिवसभर आपल्या घरी सांभाळणारी, रीतसर परवाना असलेली बाई. ही मूळची एस्टोनियाची. लग्न करून जर्मनीत आली, नवरा गेला, ती इथेच राहिली. साठीची, रुंद हाडाची, बोलणं मोजकं. मुलं तिला ‘तॅदी’ म्हणायची. तिच्या भाषेत तॅदी म्हणजे मावशी. मीही तेच म्हणू लागले.

ट्रामच्या रुळांपलीकडे तॅदीचा भाड्याचा बगिचा होता. रोज सकाळी ती मुलांना तिथे न्यायची आणि त्या दिवशी जे तयार असेल त्याचं दुपारी सूप व्हायचं. मे महिन्यात कसल्याशा आंबट पानांचं असायचं. मी पान चाखून पाहिलं तर अगदी आपल्या चुक्यासारखं. त्यात ती बार्ली आणि उकडलेलं अंडं घालायची. फार उकडायला लागलं की बीट आणि काकडी, ताकासारख्या आंबट केफिरमध्ये कालवून, गुलाबी आणि गार. जुलैअखेरीस निळ्या बेरींचं गोड सूप असायचं. ते खाऊन पोरांचे दात जांभूळ खाल्ल्यासारखे व्हायचे. आणि या सगळ्यांच्या मधे, जून-जुलैत, दुधाचं सूप. नखाने साल निघेल असे बटाटे, बोटाएवढी गाजरं, फ्लॉवर, मटार. एकेक भाजी पाण्यात सोडायची, शिजायला वेळ लागणारी आधी, मटार शेवटी. मग गॅस बारीक करून दूध. ते उकळू द्यायचं नाही. मीठ, लोणी आणि वर मूठभर शेपू.

एकदा मी म्हटलं, “एवढं सगळं रोज कशाला, दोन दिवसांचं करून ठेवत जा ना.” तिने हातातली शेंग सोलून माझ्यापुढे धरली. म्हणाली, “हे बघ, उद्या हा मटार असा नसेल.”

मुलांना कामं वाटून दिलेली होती. माझ्या मुलीकडे मटार सोलायचे आणि छोट्या कात्रीने शेपू कातरून भांड्यात टाकायचा. माझ्या हातचा वरणभात चार घासांनंतर गालात धरून बसणारी ही पोर तिथे वाडगा दोन्ही हातांनी वर धरून ओरडायची, “नॉखमाल!” म्हणजे, अजून एकदा. मी तिला घ्यायला लवकर पोहोचले तर हे कानावर पडायचं. मला हेवा वाटायचा. उगाच आडपडदा कशाला ठेवू? चांगलाच वाटायचा.

शुक्रवारी त्याच दुधाच्या सूपात मासा पडायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी वाकून खात्री करून घेतली. आमचं घर कराडचं, मासे खाणारं. पण ज्या दिवशी मासे त्या दिवशी दूध-दह्याला शिवायचं नाही, हा घरातला कायदा. दूध आणि मासा पोटात एकत्र गेले की अंगावर कोड उठतं, असं आई म्हणायची, आजी म्हणायची, शेजारच्या काकू म्हणायच्या. मी मटेरियल टेस्टिंगच्या लॅबमध्ये काम करते. चाचणी झाल्याशिवाय रिपोर्टवर सही करत नाही. तरी त्या वाडग्याकडे बघताना माझ्या डोक्यात आईच बोलत होती. मी गप्प बसले, कारण मुलीला ठेवायला दुसरी जागा नव्हती.

आणि त्याच जुलैत, अंघोळ घालताना मला तिच्या कोपरावर पांढरा डाग दिसला. शर्टाच्या बटणाएवढा. मी साबण लावून घासला. पंधरा दिवसांत ओठाच्या कडेला दुसरा आला.

मी आईला व्हिडिओ कॉल लावला आणि मुलीचा हात कॅमेऱ्यासमोर धरला. आईने चष्मा लावून डाग पाहिला. मग म्हणाली, “अगं, ती बाई काय खायला घालते हिला?” मी सांगितलं. आईने कपाळाला हात लावला. “दुधात मासा? आणि तू बघत बसलीस? मुलीची जात आहे गं. उद्या कोण करणार हिला?”

मी रडकुंडीला आले होते, आणि रडू आलं की मला राग येतो. मी म्हणाले, “किती वाडगे ढोसलेत कोण जाणे! भूकच भागत नाही मेलीची. आता भोग म्हणावं जन्मभर.”

मुलगी तिथेच गालिच्यावर ठोकळे रचत होती. तोपर्यंत ती घरातही जर्मनच बोलायला लागली होती. मराठीत विचारलं तरी उत्तर जर्मनमध्ये. त्यामुळे मराठी हिच्या डोक्यावरून जातं असं मी धरून चालले होते. इथे आम्ही सगळेच तसं धरतो. आमच्या लहानपणी आईवडील मुलांपासून काही लपवायचं असलं की इंग्रजीत बोलायचे. आम्ही मराठीत बोलतो.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. मी ऑफिसातून दुपारीच निघाले आणि थेट तॅदीकडे गेले. मुलं जेवायला बसली होती. वाडग्यात तेच, पांढरं, वर शेपू. मी मुलीच्या हातातला वाडगा काढून घेतला आणि मोरीत ओतला. मग तिचा हात धरून कोपर तॅदीच्या तोंडासमोर नेलं आणि म्हणाले, हे तुमच्या सूपाने झालंय. माझं जर्मन तेव्हा बेताचं होतं, पण रागावायला पुरेसं होतं.

तॅदी घाबरली. तिने आधी डाग पाहिला, हलकेच अंगठ्याने चाचपला. म्हणाली, डॉक्टरकडे न्यायला हवं. मग म्हणाली, “माझ्या आईनेही हेच दिलं, तिच्या आईनेही हेच. सगळं गावच हे खायचं.” आणि तिने ब्लाउजच्या बाह्या वर करून मला आपले दोन्ही हात दाखवले. साठीच्या बाईने मला आपले हात पुढेमागे फिरवून दाखवावेत, एखाद्या गुन्हेगारासारखे! मी मुलीचे बूट उचलले आणि तिला काखोटीला मारून बाहेर पडले. मुलगी रडत होती. मला वाटलं, सूप गेलं म्हणून रडतेय.

तेवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ ठीक होतं. पण इथल्या मराठी आईबाबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी सगळं लिहिलं, डागाचा फोटोही टाकला. तॅदीकडे आणखी दोन मराठी घरांतली मुलं होती. आठवड्याभरात तीही निघाली.

त्वचेच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळायला दोन महिने गेले. त्यांनी दिव्याखाली डाग पाहिले आणि शांतपणे सांगितलं की शरीर स्वतःच्याच रंगाच्या पेशींवर उलटतं, त्यातून हे होतं. खाण्याचा काही संबंध नाही. मी दूध आणि माशाचं विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं, काही संबंध नाही. नवरा परत येताना ट्राममध्ये म्हणाला, “त्या बाईंना जाऊन भेट एकदा.” मी म्हणाले, जाते. पण गेले नाही, ग्रुपवरही काही लिहिलं नाही. आधी सुट्टी मिळत नव्हती, मग थंडी पडली, मग इतका उशीर झाला की काय तोंडाने जायचं ते कळेना. त्या रस्त्याने जायचं टाळायला मी एक स्टॉप आधी उतरू लागले.

वसंतात एकदा धीर करून गेले. बेलवर दुसरंच नाव होतं. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी सांगितलं की मुलं येईनाशी झाली, मग ती आपल्या देशात बहिणीकडे गेली. बगिचाही सोडला. आजोबांनी मला ओळखलं नाही. मला तेव्हा त्यातही बरंच वाटलं, इतकी मी हलकी.

मी मुलीला उचलून आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या दाराला एक कापडी पिशवी लटकवलेली होती. त्यात मुलीच्या सपाता, तिची चित्रं आणि एक घडी घातलेला कागद. तॅदीने ठळक अक्षरांत सूपाची कृती लिहिली होती. शेवटी लिहिलं होतं, ‘मासा न घालताही छान लागतं. तिला शेपू भरपूर आवडतो.’ मी तो कागद फाइलमध्ये घालून टाकला. या देशात कुठलाही कागद फेकायचा नसतो, एवढं मी शिकले होते.

डाग वाढत गेले. आता ते दोन्ही हातांवर आहेत, मानेवर आहेत, ओठांभोवती आहेत, एका पापणीवर आहेत. मलमं झाली, दिव्याचे उपचार झाले. चौतीस डिग्रीच्या उकाड्यात मुलगी पूर्ण बाह्यांचे शर्ट घालते. पोहायला जात नाही. या वर्षी वर्गाची सहल समुद्रावर होती, गेली नाही. माझ्याशी कामापुरतं बोलते. आणि खाणं म्हणजे रोजचं युद्ध. पुढे किटात जागा मिळाली, तेव्हापासूनच ती दूध नको म्हणायची, पोट दुखतं म्हणायची. तपासण्या केल्या, काही निघालं नाही. मोठी झाल्यावर म्हणाली, मी व्हेगन आहे. मी आणि नवऱ्याने तिची भरपूर टिंगल केली, कारण ही व्हेगन बाई चिकनचा डोनर कबाब मिटक्या मारत खाते. फक्त त्यावरचं दह्याचं सॉस नको, आणि मासा तर घरात आणायचा नाही. “सोयीची व्हेगन आमची,” असं मी लोकांना हसून सांगायचे.

या जुलैत, सहल चुकवून ती खोलीत दार लावून बसली होती त्या शनिवारी, मी ठरवलं की सूप करायचं. दूध चालत नाही हे ठाऊक होतं, तरी वाटलं की या गावात ती पोटभर खुशीत कुठे असेल तर त्या टेबलाशी होती. तेवढं एक तिला परत मिळालं तर कदाचित मलाही ती थोडी परत मिळेल. मला दुसरं काही सुचत नव्हतं.

बाजाराच्या त्या टोकाला गेले. बटाटे, गाजरं, मटार, शेपू. कागद फ्रिजला चिकटवला. पहिलं भांडं वाया गेलं. दूध घातलं आणि सवयीने उकळी येईपर्यंत उभी राहिले. आपल्याकडे न उकळलेलं दूध कुणी तोंडाला लावत नाही. सगळं फाटलं. दुसऱ्यांदा गॅस बारीक ठेवून हात आवरला आणि जमलं. शेपू कात्रीने कातरला. दुपारचा एक वाजला होता. दोन वाडगे भरले आणि तिला हाक मारली.

ती दारातच थांबली. वास तिला ओळखू आला होता, ते चेहऱ्यावर दिसलं.

“आठवतं?” मी विचारलं.

“हो.”

“मासा नाही घातला. आणि घातला असता तरी काही नसतं झालं, तुला माहितीये ना? डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते.”

“माहितीये,” ती जर्मनमध्ये म्हणाली. “मी सगळं वाचलंय.” ती खुर्चीवर बसली नाही. वाडग्याकडे बघत होती. मग म्हणाली, “पण मी नॉखमाल म्हटलं होतं. तॅदी म्हणाली होती, पोट दुखेल. तरी मी म्हटलं.”

मला पहिल्यांदा कळलंच नाही ती काय सांगतेय. मग तिने मान वर केली आणि स्वच्छ मराठीत, माझ्याच हेलात, एकही शब्द न अडखळता म्हणाली, “किती वाडगे ढोसलेत कोण जाणे. भूकच भागत नाही मेलीची. आता भोग म्हणावं जन्मभर.”

नऊ वर्षांत तिच्या तोंडून मी अख्खं मराठी वाक्य ऐकलं नव्हतं.

मी काहीतरी बोलत सुटले. अगं मी रागात होते, अगं तुला नव्हतं म्हणायचं, तू किती लहान होतीस. ती ऐकून घेत होती. माझं संपल्यावर पुन्हा जर्मनमध्ये म्हणाली, “मला वाटलं होतं, दूध सोडलं की डाग जातील. आता माहितीये जाणार नाहीत. पण प्यायला भीती वाटते.”

मी तिला जवळ घ्यायला उठले तर तिने दोन्ही बाह्या बोटांपर्यंत खाली ओढल्या. फ्रिजवरचा कागद तिने काढला, शेवटची ओळ वाचली, पुन्हा वाचली. मग तो घेऊन खोलीत गेली आणि दार लावलं. टेबलावर दोन्ही वाडगे तसेच होते, आणि दुधावर साय धरायला लागली होती.