दहावी ओळ

रसेल ड्राबेकची आणि माझी ओळख झाली त्या दिवशी मी चष्मा घालून दार उघडलं आणि चष्म्याशिवाय लावलं. मधल्या दीड मिनिटात काय घडलं ते नीट सांगता येणार नाही, कारण त्यातलं शेवटचं अर्धं मिनिट मला दिसलंच नाही. डिसेंबर चालू होता, बाहेर गुडघाभर बर्फ, आणि दारात सव्वासहा फुटांचा, थंडी वाजलेल्या अस्वलासारखा माणूस. त्याच्या हातात पुठ्ठ्याचं खोकं होतं.

"मी समोरचा रसेल. जुने चष्मे आहेत?"

"नाहीत. कालच राहायला आलोय."

"हा जुनाच दिसतोय," माझ्या नाकाकडे बघत तो म्हणाला, आणि इतक्या हळुवारपणे त्याने तो उतरवून घेतला की मीच त्याला थँक यू म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तो चष्मा परत घेऊन आला. सोबत केळ्याचा केक. चष्म्याच्या काडीला कागदाची चिठ्ठी चिकटवलेली होती, क्रमांक २१४.

"तुझ्याकडे दुसरा नाहीये, हे टेसाच्या लक्षात आलं. सकाळी तू आमच्या टपालपेटीला गुड मॉर्निंग म्हणालास म्हणे."

टेसा ही त्याची सतरा वर्षांची मुलगी, शाळेच्या शेवटच्या वर्षाला. बायको सहा वर्षांपूर्वी ॲरिझोनाला निघून गेली होती. रसेल न्यू जर्सीतल्या आमच्या गावाच्या पाणीखात्यात मीटर वाचायचा. चोवीस वर्षं तो लोकांच्या तळघरांत उतरत होता आणि आपली मुलगी कुणाच्या तळघरात उतरता कामा नये, एवढंच त्याने ठरवलं होतं. त्यासाठी तिला एका कॉलेजात घालायचं होतं. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसं त्या कॉलेजचं नाव त्या घरात कुणी घेत नसे. नुसतं 'तिकडे' म्हणायचे.

तिकडे शंभरातल्या सहा जणांना घेतात. मार्क सगळ्यांनाच उत्तम असतात, म्हणून मार्कांशिवाय तुम्ही काय करता ते विचारतात. त्यासाठी अर्जात दहा ओळी असतात. टेसा पहिलीत होती तेव्हापासून रसेल त्या दहा ओळी भरत होता. तलवारबाजी झाली, वादसभा झाली. बॅसून नावाचं, फुंकून वाजवायचं, तेव्हाच्या टेसापेक्षा इंचभरच बुटकं वाद्य झालं, कारण ते कुणी वाजवत नाही. ते कुणी का वाजवत नाही हे आमच्या गल्लीला रोज संध्याकाळी साडेपाचला कळायचं. बेवारस कुत्र्यांच्या आश्रमात जाऊन कुत्र्यांना पुस्तकं वाचून दाखवणं, ही नववी ओळ.

"त्यांना कळतं?" मी एकदा टेसाला विचारलं.

"एकाला कळत असावं. तो पहिल्याच पानाला उठून जातो."

मुलगी गमतीदार होती, पण हे कोणत्याच ओळीत बसत नव्हतं.

नोव्हेंबरात तिकडच्या एका माजी विद्यार्थ्याने डोनटच्या दुकानात तिची मुलाखत घेतली होती. रसेल शेजारच्या टेबलाशी पेपर उलटा धरून बसला होता. त्या गृहस्थांनी विचारलं, "हे सगळं सोडून तुला स्वतःला काय आवडतं?" टेसाने बराच विचार केला आणि म्हणाली, "मला यादी बघावी लागेल." रसेलने हे मला सांगितलं तेव्हा मी हसलो. तो हसला नाही. हा किस्सा त्याने गमतीसाठी सांगितलेलाच नव्हता.

डिसेंबरच्या मध्यावर तिकडून उत्तर आलं होतं. होकार नव्हता, नकारही नव्हता. निर्णय मार्चपर्यंत पुढे ढकलला आहे, दरम्यान काही नवीन घडलं असेल तर पंधरा फेब्रुवारीपर्यंत कळवा. रसेलने ते पत्र फ्रिजवर लावलं आणि नवीन घडवायला घेतलं. लोकांचे जुने चष्मे गोळा करायचे, नंबर तपासून गरीब देशांत पाठवायचे. संस्था टेसाची, अध्यक्षही तीच.

"किती जमवायचे?" मी विचारलं.

"हजार. नऊशे म्हणजे नुसता प्रयत्न. हजार म्हणजे नेतृत्व."

मग गावात कुणाचं नाक सुरक्षित राहिलं नाही. मीटर वाचायला तळघरात उतरलेला रसेल वर येताना कुणाच्या तरी आजोबांचा चष्मा घेऊन यायचा. अंत्यविधीवाल्यांनी एक पेटी भरून दिली, तेव्हा तो लॉटरी लागल्यासारखा घरी आला. नाताळला त्यांच्या झाडाखाली चष्मेच होते. टेसा गॅरेजमध्ये कोट घालून चिठ्ठ्या चिकटवायची आणि मी काचा पुसायचो.

सत्तावीस जानेवारीला, रविवारी दुपारी, टेसाने हजारावी चिठ्ठी चिकटवली. रसेलने आम्हाला कोको करून दिला. बाहेर बर्फ पडत होता.

"आता भरू," तो म्हणाला. "तिकडे पत्र, आणि तिकडे नाहीच जमलं तर म्हणून बाकीच्या आठ कॉलेजांचे अर्ज. सगळे तयार आहेत, दहावी ओळ तेवढी रिकामी ठेवलीय."

त्याने डीप फ्रीजरवर लॅपटॉप उघडला. पहिला अर्ज, दुसरा, तिसरा. त्याच्या बोटांचा वेग कमी होत गेला.

"हे पुढेच जात नाहीये."

"मुदत संपली, डॅड," टेसा म्हणाली. "एक जानेवारीला."

"पंधरा फेब्रुवारी. फ्रिजवर लिहिलंय."

"ती तिकडच्या पत्राची. बाकीच्यांची एक जानेवारी होती."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

टेसाने कोकोचा कप खाली ठेवला. "बोलले होते. एकतीस तारखेला. तू म्हणालास, सहाशे लिहून काय उपयोग, आधी मोजणी होऊ दे."

रसेल उभाच राहिला. मी हातातली काच पुसत राहिलो. ती केव्हाच स्वच्छ झाली होती.

सोमवारी त्याने आयुष्यात पहिल्यांदा खोटी रजा टाकली आणि आठही कॉलेजांना फोन केले. मी शेजारी बसलो होतो, कारण त्याने बसायला सांगितलं होतं. "एकच ओळ राहिली होती, मॅडम," तो प्रत्येकीला सांगत होता. "बाकी सगळं होतं. मुलीची चूक नाही, माझी आहे. मी पाणीखात्यात आहे, मॅडम." पाणीखात्याचा काय संबंध, हे कुणी विचारलं नाही. सगळ्या फार गोड बोलल्या. सातव्या फोननंतर त्याने पाणी मागितलं आणि ते न पिताच आठवा नंबर फिरवला.

आता उरलं फक्त तिकडे. पत्र गेलं, तरी रसेल थांबेना. फेब्रुवारीत अकराशे झाले, मार्चमध्ये साडेबाराशे. ते कुठे कळवायचीही सोय नव्हती. एकदा तो माझ्या दारात बराच वेळ खोकं घेऊन उभा राहिला.

"तुला काय वाटतं, घेतील?"

"घेतील की," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"टेसा म्हणते, आता तरी चिठ्ठ्या चिकटवणं थांबव. पण थांबलो आणि नाही घेतलं, तर?"

अठ्ठावीस मार्चला संध्याकाळी पाच वाजता नकार आला.

सप्टेंबरात टेसा गावापासून अकरा मैलांवरच्या कम्युनिटी कॉलेजात जाऊ लागली. तिथे अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला घेतात.