न कापलेली लाइन

आमच्या एकोडी गावात माझ्या शिलाईपेक्षा माझ्या नवऱ्याची मासे धरायची गरी जास्त प्रसिद्ध. धानाचं काम आटोपलं की हा माणूस तलावाच्या पाळीवर. या मासेमारीवर मी कधी चिडले नाही असं नाही. पण गेल्या वर्षी तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडला, उजवा खांदा निखळला आणि पाळीवर जाणं बंद झालं. तेव्हा कळलं, त्या तलावानं माझा संसार किती सांभाळला होता ते.

खांदा बसला, पण हात काही कानाच्या वर जाईना. गरी फेकायला गेला की कळ. शर्ट मी घालून द्यायचा, बटणं मी लावायची, केसही मीच विंचरायचे. दिवसभर तो माझ्या मशीनशेजारी खुर्ची टाकून बसे आणि ब्लाउज शिवायला आलेल्या बायकांना रंगांबद्दल सल्ले देई. एकीला म्हणाला, "वहिनी, हा पिवळा तुमाले शोभत नाही." त्या वहिनी पुन्हा आल्या नाहीत. मला राग यायचा, आणि त्याची पाठ वळली की रडूही यायचं.

दिवाळीला माझा धाकटा भाऊ परदेशातून आला. येताना त्यानं भाऊजींसाठी मासेमारीची एक लांब, हलकी काठी, फ्लाय रॉड, आणली. ती दोन हातांनी धरायची. खालचा डावा हात ओढतो, वरचा उजवा नुसती साथ देतो. खांदा उचलायचं कामच नाही. आमिष म्हणजे पिसांची खोटी माशी. तिला स्वतःचं वजनच नसतं, ती दूर जाते लाइनच्या, म्हणजे रॉडच्या दोरीच्या, वजनावर. म्हणून लाइन रॉडला जुळावी लागते. हलकी असली तर रॉड वाकतच नाही, आणि फार जड असली तर वाकते ती तशीच बसते. भावानं दोन लाइन दिल्या, एक बारीक आणि एक जाड. "जाड जड वाटली तर मागून थोडी थोडी कापून जुळवा," एवढं सांगून तो परत गेला.

धान निघालं तशी आम्ही बांधीत, धानाच्या मोकळ्या शेतात, परीक्षा घेतली. बारीक लाइन त्याच्या पायाशीच शेवयांसारखी पडली. जाड लाइन डोक्यावरून मागे गेली आणि रॉडला घेऊन धसकटांत आपटली. बांधावरून जाणाऱ्या शेजाऱ्यानं विचारलं, "काय करून राहिले भाऊ? धान त उचललं, आता कोणती पाखरं हाकलता?"

नवऱ्याचं तोंड उतरलं. घरी आल्यावर त्यानं जाड लाइन माझ्यापुढे ठेवली. "काप."

मी फोनवरून भावाला विचारलं. तो म्हणाला, "हातभर काप, ताई. पण जपून. अशी लाइन तिकडे मिळणार नाही."

मी कात्री उचलली आणि थांबले. शिवलेलं उसवता येतं, कापलेलं काही परत येत नाही. ज्याचं कापड, त्याच्या अंगावर बघितल्याशिवाय मी काखेत कधी कात्री घातलेली नाही. चुकून जास्त कापली गेली, तर हा माणूस जन्मभर माझ्या मशीनशेजारी बसणार, आणि मनातून खचणार ते वेगळंच.

"अजी, बांधीत कोणते मासे धरणार हाय तुमी?" मी म्हटलं. "पाण्यावर चला. तिथं जड वाटली त कापीन."

"कायले? पाळीवर लोकं पाहून राहिले ना."

"पाहू द्या. तुमाले पाहाले पैसे थोडीच लागतात!"

कुरकुरत का होईना, तो आला. मी कात्री पिशवीत घेतली होतीच. पाळीवर मागे मोहाची झाडं, त्यामुळे लाइन मागे फेकायला जागाच नाही. भावानं अशा जागेसाठी एक रीत दाखवली होती: लाइन उचलायची, बाजूला पाण्यावर टेकवायची आणि तिथूनच पुढे झोकायची. पहिल्या खेपेला माशी माझ्या पदरात अडकली. दुसऱ्या खेपेला लाइनचा गुंता झाला. मी पिशवीत हात घातला.

"थांब जरा," तो म्हणाला.

तिसऱ्या खेपेला पाण्यानं लाइन घट्ट धरून ठेवली, रॉड छान कमानीत वाकली, आणि ती जाड लाइन अशी सरळ सुटली की आम्ही दोघंही बघतच राहिलो. कमळाच्या पानांपलीकडे माशी अलगद टेकली. "बाप्पा!" एवढंच तो बोलला. जी लाइन हवेत जड होती, तिचं वजन पाण्यातून उचलताना बरोबर बसलं होतं. संध्याकाळी भाऊ फोनवर हसत सुटला. "चूक माझी, ताई. डोक्यावरून फेकायला हलकी लागते आणि पाण्यावरून झोकायला जड. कापली असती तर मेलो असतो!"

पण ते संध्याकाळी. पाळीवर नवऱ्यानं पुन्हा पुन्हा लाइन झोकली. खांद्याच्या कळेचं नाव नाही. मी कात्री पिशवीत खाली ढकलली आणि खुशीनं मोहाच्या बुंध्याला टेकून बसले. तेवढ्यात पानांजवळ पाणी फुटलं आणि रॉड थरथरली.

मरळ होती, वीतभरच, पण झुंजली मात्र म्हशीएवढी. काठाशी आली तशी मी पदर खोचून पाण्यात उतरले. सवयच झाली होती, त्याचं सगळं आपणच करायची.

"आणा इकडं, मी काढते."

"हात नोको लावू वो," तो जोरात ओरडला. "माहा मासा हाय. मीच काढीन."

मी घोटाभर पाण्यात दोन्ही हात मागे बांधून उभी राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात तो माझ्यावर पुष्कळदा ओरडला असेल, पण त्या दिवशी मला वाटलं, त्यानं अजून एकदा ओरडावं.