पांढरी हिरडी, गाडी जुंप दारी

गुरांच्या दवाखान्यातले किस्से गोचिडांसारखे असतात. एक ओढून काढला की कानामागून दुसरा निघतो! नोकरी संपून मला कितीतरी वर्षं झाली. तरी चार मित्र जमले आणि कोणाच्या घरचं कुत्रं जरा सुस्त दिसलं, की सगळे माझ्याकडेच वळतात. "डॉक्टर, तुमच्या त्या गुलाबरावाचं सांगा बरं!"

सांगतो. विदर्भ नुकताच मुंबई राज्यात आला होता तेव्हाची ही गोष्ट. जबलपूरला शिकून मी राळेगाव तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावी गुरांचा डॉक्टर म्हणून रुजू झालो. दवाखान्यात आम्ही दोघंच: मी आणि कंपाउंडर गुलाबराव. मिशा भरघोस, आवाज त्याहून भरघोस. आणि तिसरा गुलाबरावांचा कुत्रा. तो दारात ठाण मांडून बसायचा आणि येणाऱ्या प्रत्येक बैलाला, बैलाच्या मालकाला हुंगून मगच आत सोडायचा. म्हणून त्याचं नाव ठाणेदार!

* * *

गावातल्या पोलीस ठाण्याला नवे ठाणेदार आले. आले त्याच दिवशी त्यांची गाय आजारी पडली. बिचारे साध्या कपड्यांत, स्वतः गाय धरून दवाखान्याच्या दारात उभे राहिले.

गुलाबराव आत बाटल्या धूत होते. बाहेर खुडबुड ऐकून ते तिथूनच ओरडले, "ठाणेदार! बाजूले सरक! कालच्यासारखी दारात घाण केली तं टंगडं मोडून ठेवीन!"

मी टेबलावरून उठलो तोवर साहेब अटेन्शनमध्ये उभे! कपाळावर घाम.

ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "काल तर मी यवतमाळात होतो!"

* * *

तो ठाणेदार गेला. कुत्रा म्हणतोय मी.

पोळा होऊन गेला होता. गवत कमरेएवढं वाढलेलं आणि गवतात गोचिडं. मी गावोगाव गुरांना लस टोचत फिरत होतो, त्यामुळे दवाखाना गुलाबरावांवरच होता. ठाणेदारानं भाकरी अर्धी टाकायला सुरुवात केली. गुलाबराव म्हणाले, "म्हातारा होऊन राह्यला." मग तो दारातली जागा सोडून आत पाण्याच्या रांजणाखाली, ओल्या मातीत जाऊन पडू लागला. गुलाबराव म्हणाले, "उकडून राह्यलं असन त्याले." आणि रांजणाखाली आणखी एक तांब्या पाणी ओतलं.

मी दौऱ्यावरून सायकलनं परतलो तेव्हा भर दुपार होती. गुलाबराव पायरीवर बसले होते. शेजारी त्यांचा खांद्यावरचा दुपट्टा पसरलेला, आणि दुपट्ट्याखाली ठाणेदार.

"सकाळी उठला," गुलाबराव म्हणाले. "पानी पेला. माह्या हातावर नाक ठेवलं. मी म्हनलो, बरा झाला बापा! अन् आता गेला."

मी दुपट्टा बाजूला केला, ओठ वर उचलला. हिरडी भिंतीच्या चुन्यासारखी पांढरी! कानामागे बोट फिरवलं तर गोचिडांचे घोसच्या घोस. रांजणाजवळच्या भिंतीवर त्यानं लघवी केली होती, तिचा डाग काळ्या चहासारखा. मला आणखी काही बघायची गरज नव्हती. गोचीडताप. रक्त आतल्या आत फुटत जातं. वरून कुत्रा नुसता सुस्त दिसतो, आणि एक दिवस अचानक जातो. अचानक आपल्याला वाटतं एवढंच.

"याले औषध असते काय?" गुलाबरावांनी विचारलं.

"असतं. बैल लाल मुतायला लागला की आपण देतो ना, ते निळं इंजेक्शन. वेळेवर दिलं तर पुष्कळदा वाचतं कुत्रं."

त्यांनी दुपट्टा पुन्हा ठाणेदारावर ओढला. मग हळूच म्हणाले, "ते तं आपल्याच कपाटात हाय. माह्याच हातानं लावली ती बाटली."

मागच्या लिंबाखाली त्यांनी स्वतः खड्डा खणला. मला कुदळीला हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर आले, बाटल्या धुतल्या, पट्ट्या गुंडाळल्या. दारात कोणाची चाहूल लागली की मात्र तोंड उघडायचे आणि तसंच मिटायचे. संध्याकाळी माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"साहेब, सुई टोचाचं तं येते मले. आता आधी वळखाचं कसं ते सांगा!"

मी सांगितलं. आधी कुत्रं खाणं सोडतं. मग आपली नेहमीची जागा सोडतं. मग अंगात ताप, लघवी लाल नाहीतर काळसर. आणि सगळ्यात सोपं म्हणजे ओठ उचलायचा, हिरडी बघायची.

* * *

पुढच्या बाजाराच्या दिवशी गुलाबराव दवाखान्यासमोर दगडावर उभे राहून ओरडत होते:

"गुलाबी हिरडी, राहू दे घरी! पांढरी हिरडी, गाडी जुंप दारी!"

लोक आधी हसले. तोवर कुत्र्याला कोणी दवाखान्यात आणतच नव्हतं. एकानं विचारलंसुद्धा, "काहो गुलाबराव, कुत्र्यालेबी डाक्टर? उद्या कोंबडीले वकील कराचा काय?" पण ओळ लोकांच्या तोंडी बसली. पोट्टे खेळताना ओरडायचे, बाया शेतात निंदताना म्हणायच्या.

गुलाबराव मात्र एवढ्यावर थांबेनात. दिसेल त्याचा ओठ उचलायचे! कुत्रं, बकरी, घोडं... एकदा त्यांचे सासरे उमरखेडहून पाहुणे म्हणून आले. ओसरीवर दम खात बसलेले. गुलाबराव पाया पडायला वाकले, वर बघितलं आणि म्हणाले, "मामाजी, जरा ओठ उचला बरं!"

सासरे भडकले. "मले कुत्रं समजते काय बे तू?" पिशवी उचलून निघालेसुद्धा! बायकोनं रडून घर डोक्यावर घेतलं. पण ओरडताना उघडलेल्या तोंडात गुलाबरावांना पांढरी हिरडी दिसली होती, त्यांनी सासऱ्यांना सोडलं नाही. हात धरून यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, अंगात रक्त फार कमी आहे, अजून काही दिवस गेले असते तर कठीण होतं. सासरे औषधानं चांगले टवटवीत झाले.

त्यानंतर जावयाच्या घरी आले की ते आधी पायरीवर उभे राहायचे, दोन बोटांनी स्वतःचा ओठ वर करायचे आणि विचारायचे, "येऊ काय आत?"

* * *

जवळच्या एका वाडीत सरूबाई म्हणून होत्या. एकट्या राहायच्या, कपाशीची राखण करायच्या, सोबतीला एक काळा कुत्रा. एका सकाळी त्यांची बैलगाडी धडधडत दवाखान्यात शिरली. गाडीतूनच त्यांचा आवाज, "गुलाबरावभाऊ, पांढरी हिरडी! गाडी जुंपली!"

खरंच पांढरी होती, पण अजून चुन्यासारखी नव्हती. गुलाबरावांनी कपाट उघडलं. निळी बाटली काढून माझ्या हातात दिली. मी शिरेतून औषध दिलं, गुलाबरावांनी कानामागची एकूणएक गोचिडं काढून रॉकेलच्या डबीत टाकली. काळा वाचला!

पुढच्या आठवड्यात सरूबाई पुन्हा हजर. या वेळी मागे अख्खी वाडी. माणसं हात जोडून उभी. मला वाटलं, कुत्रं मेलं आणि हे जाब विचारायला आले. पण काळा तर गाडीतून उडी मारून उतरला.

"डाक्टरसाहेब," सरूबाई कुजबुजल्या, "कुत्रं वाचलं, पन किसनदेव झालं!"

मी ओठ उचलला. हिरडी निळी, जीभ निळी, डोळ्यांचा पांढरा भागसुद्धा निळसर! त्या औषधाचा रंगच तसा उतरतो अंगात, काही दिवसांनी जातो. हे मी परोपरीनं सांगितलं. वाडीतल्या लोकांनी माना डोलावल्या आणि काळ्यापुढे फूल ठेवलं.

सरूबाईंची अडचण वेगळीच. "आता देवाले शिळी भाकर कशी टाकू जी?"

मग काळ्याला रोज दूधभात. महिनाभरानं रंग उतरला, तसा दूधभातही उतरला! आणि गुलाबरावांनी आपल्या ओळीला शेपूट जोडलं: "निळी हिरडी, डाक्टरची करनी!"

* * *

आता पुढचा किस्सा हसण्याचा नाही.

शाळेतले वामन मास्तर दवाखान्यामागेच राहायचे. नुकतीच धम्मदीक्षा घेतलेली, घरात बुद्धाची तसबीर, सकाळी वंदनेचा आवाज आमच्यापर्यंत यायचा. त्यांचा राजा नावाचा कुत्रा वंदना संपेपर्यंत उंबऱ्याबाहेर चुपचाप बसायचा. फार मायाळू जनावर. मास्तरांचे हात खडूनं फुटलेले असत, तो ते चाटत बसायचा.

एका सकाळी मी चहा पीत होतो आणि मागून एक भुंकणं ऐकू आलं. भुंकणं कसलं, घोगरं, लांबट, शेवटी फाटलेलं. मी कप ठेवला. "गुलाबराव, हे कोणाचं कुत्रं?"

"मास्तरचा राजाच हाय. कालपासून धान्याच्या कनगीखाली लपून बसला. अन् मास्तरीनबाई म्हने, जोडा खाल्ला त्यानं."

मी चपला न घालता पळालो. मास्तर अंगणात उकिडवे बसले होते. समोर राजा, जबडा लोंबलेला, लाळ गळतेय. मास्तरांनी बाही वर सारली होती.

"या डॉक्टर, बरं झालं. याच्या घशात हाडूक अडकलं आहे. दोन बोटं घालून काढतो."

"मास्तर, हात मागं!" मी एवढ्या जोरात ओरडलो की शेजारचे लोक धावत आले.

मास्तर दचकून मागे पडले, आणि राजाचा जबडा त्यांच्या हाताच्या जागी हवेत बंद झाला. आम्ही खाटेचा आडोसा करून त्याला न्हाणीत कोंडलं. हाडूक नव्हतंच. पिसाळण्याची सुरुवात अशीच असते. आवाज बदलतो, मायाळू कुत्रं कोपरा धरतं, नको ते खातं, गिळता येत नाही. लोकांना वाटतं घशात काही अडकलं, आणि ते हात घालतात.

राजा दोन दिवसांत गेला. न्हाणीच्या दाराबाहेर मास्तर बसून होते. आतून आवाज आला की इकडून म्हणायचे, "आहे रे मी, आहे." मी त्यांना दार उघडू दिलं नाही.

मग घरातल्या सगळ्यांना, विशेषतः त्या चाटलेल्या हातांच्या मास्तरांना, यवतमाळला पोटातली इंजेक्शनं. मास्तर नको म्हणत होते. मी त्यांना बसमध्ये बसवूनच परतलो. सगळे सुखरूप राहिले. शाळेत परतल्यावर पोरांनी विचारलं, "गुरुजी, कुत्रं चावलं का?"

मास्तर म्हणाले, "कुत्रं नाही चावलं रे. डॉक्टर चावला. बेंबीभोवती!"

आणि फळा पुसून त्यांनी तो अख्खा तास पोरांना पिसाळलेलं कुत्रं कसं ओळखायचं ते शिकवलं.

* * *

यवतमाळहून राळेगावला जाणाऱ्या एस.टी.चा ड्रायव्हर होता करीमभाई. नियमाचा पक्का. स्टॉपशिवाय गाडी थांबवायचा नाही. एकदा सख्ख्या भावानं रस्त्यात हात केला. करीमभाईनं त्याला सलाम केला आणि गाडी पुढे नेली!

मे महिन्याची दुपार. मी व्हरांड्यात पाणी मारत होतो. बघतो तर काय, भरलेली एस.टी. हमरस्ता सोडून आमच्या गेटातून आत! लिंबाखाली थांबली. करीमभाई उतरला, हातावर एक पिवळी कुत्री. मागे कंडक्टर देवीदास डोकं धरून.

"फाट्यावर बसते रोज," करीमभाई म्हणाला. "हॉर्न वाजवला की पळत येते, आधी रोटी तिची. आज हॉर्न वाजवला, नुसती शेपटी हलली. सावलीत भी नाही गेली. उठली तं पाय वाकडेतिकडे पडून राह्यले. मी म्हटलं, ये ठीक नहीं है."

उष्माघात. जीभ जांभळट लाल, दाट लाळ, अंग तव्यासारखं. गुलाबरावांनी गोणपाट भिजवलं. मी म्हटलं, "पाणी आणा, पोटावर आणि पायांवर सोडा, हळूहळू!" बघता बघता पॅसेंजर उतरले, विहिरीपासून रांग लागली, तांब्यामागून तांब्या.

एक काळ्या टोपीवाले गृहस्थ तेवढे खिडकीतून ओरडत होते, "मले कोर्टात जायाचं हाय! तारीख हाय माही! कुत्र्यासाठी एश्टी फिरवते काय कोनी?" कोणी लक्ष दिलं नाही. मग ते खाली उतरले भांडायला. भांडता भांडता कुत्रीपाशी आले. थोड्या वेळानं मी वर बघितलं, तर ते कोर्टाच्या कागदांनी तिला वारा घालत होते. तोंडानं बडबड सुरूच!

कुत्रीनं डोळे उघडले. गोणपाटावरचं पाणी चाटलं. करीमभाई तिला मागे ठेवून निघायला तयार नव्हता, म्हणून पुढच्या सीटवर ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवली आणि तिच्याशेजारी मी बसलो.

राळेगावच्या स्टँडवर इन्स्पेक्टर घड्याळ बघत उभा.

"गाडीले उशीर काहून?"

देवीदास म्हणाला, "साहेब, पॅसेंजर बीमार पडला होता."

इन्स्पेक्टरनं आत डोकं घातलं. सीटवर गोणपाट, गोणपाटातून बाहेर आलेलं पिवळं तोंड.

"हा पॅसेंजर?"

"जी."

"तिकीट हाय काय याचं?"

मला वाटलं, संपलं आता. पण देवीदासनं गोणपाटाच्या घडीत हात घातला आणि पंच केलेलं तिकीट काढून दिलं. "हाय ना साहेब. हाफ."

इन्स्पेक्टरनं ते उलटसुलट करून बघितलं. "काढलं कोनं? अन् हाफ काहून?"

काळ्या टोपीवाले भिजलेले कागद झटकत खाली उतरले आणि जाता जाता इन्स्पेक्टरवरच खेकसले,

"बारा वर्षांखालचं हाय ते! हाफच लागते!"