उखाण्याची फेरी

सौंदर्यस्पर्धा अमेरिकेतल्या एका समुद्रकाठच्या गावात रुजली, हे लेकीनं मोबाइलवर वाचून मला सांगितलं. मोसम संपला की पर्यटक घरी निघायचे. त्यांना थोडं थोपवून धरायला तिथल्या हॉटेलवाल्यांनी सुंदर मुली रांगेत उभ्या केल्या. इकडे खाडीकाठच्या बेव्हर्ली पार्कमधल्या आमच्या सोसायटीचं कारण काही वेगळं नव्हतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका वाण घेऊन लगेच पसार व्हायच्या, म्हणून अध्यक्षीणबाईंनी यंदा ‘सोसायटी सुंदरी’ स्पर्धा काढली.

माझं नाव शेजारच्या गुजराती भाभींनी परस्पर दिलं. “आप तो एकदम हिरोइन लगते हो!” मी हसले. पण शेवटची फेरी उखाण्याची होती. नवरा आम्हाला सोडून गेलेला, आणि इथे राहायला आल्यापासून मी सगळ्यांना ‘ते दुबईला असतात’ असं सांगत आलेले. नाव मागे घ्यावं तर का म्हणून विचारणार. इकडे आड, तिकडे विहीर.

रॅम्प म्हणजे हॉलमधली सतरंजी. काळी साडी नेसून मी चालले खरी, पण उखाणा काही सुचलेला नव्हता. माइक हातात आल्यावर मात्र जुन्या सवयीनं तोंडून उखाणा निघाला:

“खाडीवरचा वारा शिरतो खिडकीतून घरात,
…रावांचं नाव घेते सुंदरींच्या दरबारात.”

त्याचं नाव इतकं सहज निघालं, याचीच मला जास्त भीती वाटली. टाळ्या पडल्या. मी जिंकले.

अध्यक्षीणबाईंनी टिकल्या चिकटवलेला पुठ्ठ्याचा मुकुट माझ्या डोक्यावर ठेवला आणि माइक घेतला. “आता भाऊजींना व्हिडिओ कॉल! स्पीकरवर टाका हं. बघू तरी काय म्हणतायत!”

“लगाओ, लगाओ!” सगळा हॉल ओरडायला लागला. पहिल्या रांगेतली माझी लेक पांढरीफटक पडली. ही थाप तिलाही मीच पढवली होती. नेटवर्क नाही म्हणावं, मीटिंगमध्ये असतील म्हणावं... पण तिच्याकडे बघून मला पुढची थाप मारवेना. मी माइक परत घेतला.

“कॉल लागणार नाही. ते दुबईला नाहीत. आम्हाला सोडून गेलेत.”

अध्यक्षीणबाईंचा हात माझ्याकडे आला. मला सावरायला की मुकुट काढायला, कळलं नाही. नको असताना गळ्यात पडलेल्या स्पर्धेचा तो मुकुट मी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.