कोनिग्सब्रुकच्या कुंपणापाशी पंगत

जर्मनीतल्या आमच्या वाल्डॉर्फहून निघताना मी ऑफिसात चक्क थाप मारली, की सासऱ्यांना ड्रेस्डेन दाखवायला नेतेय. खरं सांगायची लाज वाटली. माझे आजेसासरे महायुद्धात इंग्रजांच्या फौजेत होते. आफ्रिकेत पकडले गेले आणि जर्मनांनी हिंदी कैद्यांची जी पलटण उभारली, तिच्यात भरती झाले. तिची छावणी ड्रेस्डेनजवळ, कोनिग्सब्रुकला. आमच्या साताऱ्याकडच्या गावात, वेशीवरच्या दगडावर लढाईला गेलेल्या सगळ्यांची नावं आहेत, एक त्यांचं सोडून. सत्त्याहत्तर वर्षांच्या बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, छावणीच्या जागी उभं राहून फोटो हवा होता. सरपंचाच्या तोंडावर मारायला.

पहिलीच गाडी उशिरा आली आणि आन्श्लुस (पुढची जोडगाडी) चुकली. बाबा भाकरीचा डबा उघडायला लागले.

"अहो बाबा, लसणाचा वास येईल. लोक बघतायत."

"बघू देत की," म्हणाले, पण माझ्यासाठी डबा मिटला.

कोनिग्सब्रुकला आता पाईनची झाडं, वाळू आणि कुंपण. आत जायला बंदी. बाबा कुंपणाला धरून वडिलांकडून ऐकलेलं सांगू लागले. पहाटे कवायत, हुकूम जर्मनमधून. कळायचे नाहीत, मग शेजाऱ्याचा पाय बघून आपला उचलायचा. मराठा, शीख, मुसलमान, सगळ्यांना चूल एक, पंगत एक.

कुत्रा फिरवणारे एक आजोबा थांबले. मी कारण सांगितलं.

"हो, हो. पण ते हिटलरच्या बाजूचे होते," ते म्हणाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी भाषांतर केलं.

"त्यांना सांग, माहितेय. वडिलांना त्याची टोचणी शेवटपर्यंत होती. पण गावानं त्यासाठी नाही वाळीत टाकलं. घरी आल्यावर त्यांनी गावकुसाबाहेरच्यांना आपल्या पंगतीला बसवलं, म्हणून टाकलं. फितूर हा शब्द नंतर सुचला त्यांना."

हे मलाही ठाऊक नव्हतं. मी एकेक वाक्य जर्मनमध्ये सांगितलं, आवाज खाली न आणता. बाबा वाळूतच मांडी घालून बसले आणि डबा उघडला. आजोबा जरा घुटमळले, मग बसले. चटणीनं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी भाकरी संपवली.

परतीच्या गाडीत मला आठवलं, फोटो राहिलाच. मी चरफडले. सोमवारी ऑफिसात खरं सांगायचं, एवढं मात्र ठरवून टाकलं.

"फोटो कशाला?" बाबा म्हणाले. "गावजेवण घालतो. वेशीवर, त्या दगडासमोरच. एकच पंगत. ज्याला बसायचं नसेल, त्यानं उभं राहून नावं वाचावीत."